मॅनिंग की ब्रेडी? क्वार्टरबॅकची कारकीर्द समजून घ्यायची, तर सुरुवात कोणापासून करावी

अमेरिकन फुटबॉल नव्याने पाहू लागलेला मराठी प्रेक्षक न्यू जर्सीत स्थायिक झालेला असो, शिक्षणासाठी बॉस्टनला गेलेला असो किंवा सोमवारी पहाटे पाच वाजता पुण्यात टीव्ही लावून सुपर बोल, म्हणजे एनएफएल या व्यावसायिक लीगचा अंतिम सामना, पाहणारा असो, त्याला या खेळाचे ढोबळ नियम समजायला फारसा वेळ लागत नाही. चार प्रयत्नांत दहा यार्ड पुढे सरकायचे, ते जमले की पुन्हा चार प्रयत्न मिळतात आणि जमले नाही तर चेंडू प्रतिस्पर्ध्याकडे जातो, एवढे दोन-तीन सामन्यांत अंगवळणी पडते. गाडी अडते ती क्वार्टरबॅकपाशी. आक्रमणाच्या जवळजवळ प्रत्येक चालीत चेंडू त्याच्या हाती येतो, समालोचक सतत त्याच्याविषयी बोलत असतात, पराभवाचे खापर त्याच्याच डोक्यावर फुटते आणि तरीही तो नेमके काय बरोबर किंवा काय चूक करतो आहे, हे पडद्यावर सहजासहजी उमगत नाही. ते उमगण्याचा एक खात्रीचा मार्ग म्हणजे एखाद्या क्वार्टरबॅकची संपूर्ण कारकीर्द, पहिल्या हंगामापासून निवृत्तीपर्यंत, क्रमाने पाहणे.

त्यासाठी माझ्या मते दोनच नावे खऱ्या अर्थाने स्पर्धेत आहेत : पेटन मॅनिंग आणि टॉम ब्रेडी. पॅट्रिक माहोम्सची कारकीर्द अजून चालू असल्यामुळे तिचा शेवट आपल्यासमोर नाही. जो मोंटाना थोर खराच, पण त्याच्या काळात क्वार्टरबॅकला आणि पास झेलणाऱ्या रिसीव्हरला आजच्याइतके संरक्षण नव्हते, त्यामुळे तिथे पाहिलेले डावपेच आजच्या सामन्यांना जसेच्या तसे लागू पडत नाहीत. मॅनिंग १९९८ ते २०१५ आणि ब्रेडी २००० ते २०२२ असे खेळले. दोघे एकमेकांविरुद्ध १७ वेळा उतरले आणि दोघांच्याही सामन्यांचे चित्रण मुबलक आहे. सामान्य चर्चेत हा वाद ‘सात विरुद्ध दोन’ एवढ्यावर मिटवला जातो, कारण ब्रेडीने सात सुपर बोल जिंकले आणि मॅनिंगने दोन. थोर कोण, या प्रश्नाला ते उत्तर कदाचित पुरेसे असेल. कोणाची कारकीर्द आधी पाहावी, या प्रश्नाला ते मुळीच पुरेसे नाही आणि तिथे माझा कौल मॅनिंगच्या बाजूने आहे.

पहिला आणि एकशे नव्व्याण्णवावा

व्यावसायिक संघ महाविद्यालयीन खेळाडूंची निवड ज्या वार्षिक ड्राफ्टमधून करतात, त्यात हे दोघे अगदी दोन टोकांना उभे होते. मॅनिंग हा न्यू ऑर्लिन्स सेंट्सचे क्वार्टरबॅक आर्ची मॅनिंग यांचा मुलगा. आर्ची हे गुणी खेळाडू होते, पण त्यांच्या वर्षांत सेंट्सला एकाही हंगामात पराभवांपेक्षा अधिक विजय मिळवता आले नाहीत. पेटनने टेनेसी विद्यापीठात चारही वर्षे पूर्ण केली आणि १९९८च्या ड्राफ्टमध्ये इंडियानापोलिस कोल्ट्सने त्याला पहिल्या क्रमांकावर घेतले. त्या वेळी पहिला क्रमांक मॅनिंगला द्यावा की रायन लीफला, यावर गंभीर चर्चा झाली होती हे आज सांगूनही खरे वाटत नाही. लीफ दुसऱ्या क्रमांकावर सॅन डिएगोकडे गेला आणि काही वर्षांतच खेळाबाहेर फेकला गेला.

ब्रेडी कॅलिफोर्नियातील सॅन मटेओचा. शाळेत तो बेसबॉलही चांगला खेळत असे आणि १९९५मध्ये माँट्रियल एक्स्पोज या बेसबॉल संघाने त्याची कॅचर म्हणून निवड केली होती. ती सोडून तो मिशिगन विद्यापीठात फुटबॉल खेळायला गेला आणि तिथे बराच काळ राखीव खेळाडूंत बसला. १९९७ साली महाविद्यालयीन फुटबॉलमधला सर्वोच्च मान समजला जाणारा हाइझमन पुरस्कार मॅनिंगला थोडक्यात हुकला आणि तो ज्याला मिळाला, तो चार्ल्स वूडसन मिशिगनचाच खेळाडू होता. त्याच संघाच्या बाकावर तेव्हा ब्रेडी बसलेला होता. २०००च्या ड्राफ्टमध्ये सहा क्वार्टरबॅक त्याच्या आधी निवडले गेले आणि न्यू इंग्लंड पेट्रियट्सने त्याला सहाव्या फेरीत १९९व्या क्रमांकावर घेतले. चाळीस यार्ड धावायला त्याला ५.२८ सेकंद लागले होते, जे या पातळीवर चक्क मंद मानले जाते. पहिल्या हंगामात त्याने तीन पास फेकले, त्यातला एक पूर्ण झाला आणि त्यातून सहा यार्ड मिळाले.

अभ्यासकाच्या दृष्टीने या फरकाचा परिणाम असा की मॅनिंगचे शिकणे सर्वांसमोर घडले, तर ब्रेडीचे पडद्याआड. मॅनिंगला पहिल्याच सामन्यापासून मैदानात उतरवले गेले. त्या हंगामात कोल्ट्सने १६पैकी १३ सामने गमावले आणि मॅनिंगचे २८ पास प्रतिस्पर्ध्यांनी अडवून ताब्यात घेतले. नवख्या क्वार्टरबॅकने एवढी इंटरसेप्शन्स देण्याचा हा विक्रमच होता. पण त्याच हंगामात त्याने २६ टचडाउन पासही, म्हणजे प्रतिस्पर्ध्याच्या गोलरेषेपलीकडे पोचवून गुण मिळवणारे पास, फेकले आणि पुढच्या वर्षी तोच संघ १३ सामने जिंकून गेला. पहिल्या वर्षीचे आणि दुसऱ्या वर्षीचे सामने लागोपाठ पाहिले तर क्वार्टरबॅक काय शिकतो ते अक्षरशः डोळ्यांना दिसते : जो पास पहिल्या वर्षी त्याने बचावपटूच्या हातात दिला, तोच पास दुसऱ्या वर्षी तो फेकतच नाही. ब्रेडीच्या बाबतीत ही सोय नाही. २३ सप्टेंबर २००१ रोजी न्यूयॉर्क जेट्सच्या मो लुईसने पेट्रियट्सचा प्रस्थापित क्वार्टरबॅक ड्रू ब्लेडसो याला अशी धडक दिली की त्याला अंतर्गत रक्तस्राव झाला, आणि ब्रेडी मैदानात आला तो जवळपास तयार होऊनच. ब्लेडसोने त्याच वर्षी १०.३ कोटी डॉलरचा दहा वर्षांचा करार केला होता. संघातली ती जागा त्याला पुन्हा मिळाली नाही. सुरुवातीपासून खेळण्याची ब्रेडीची पहिली लढत पुढच्याच आठवड्यात झाली, समोर मॅनिंगचा कोल्ट्स होता आणि पेट्रियट्सने ती ४४–१३ अशी जिंकली.

चाळीस सेकंदांत काय दिसते

मॅनिंगची बाजू मी का घेतो याचे खरे कारण इथे आहे, म्हणून थोडे सविस्तर सांगतो. दोन चालींच्या मध्ये साधारण ४० सेकंदांचे घड्याळ चालू असते. या वेळात प्रशिक्षक क्वार्टरबॅकच्या हेल्मेटमधील रेडिओवरून चाल सांगतो, पण घड्याळात १५ सेकंद उरले की तो रेडिओ आपोआप बंद होतो. त्यानंतर जे काही ठरायचे ते क्वार्टरबॅकनेच ठरवायचे असते. क्रिकेटचा कर्णधार षटकातल्या प्रत्येक चेंडूपूर्वी क्षेत्ररचना बदलतो आणि फलंदाज ती पाहून फटका ठरवतो. इथे या दोन्ही गोष्टी एकाच वेळी, दोन्ही बाजूंनी आणि एकमेकांना फसवत चाललेल्या असतात. बहुतेक क्वार्टरबॅक ही मधली पंधरा सेकंदे शांतपणे काढतात, त्यामुळे पाहणाऱ्याला वाटते की काहीच घडत नाही.

मॅनिंग ती सेकंदे सगळ्यांसमोर उघड करतो. इंडियानापोलिसच्या दिवसांतली कुठलीही एक चाल घ्या. चेंडू मागे क्वार्टरबॅकला देणारा सेंटर जेफ सॅटर्डे चेंडूवर हात ठेवून वाकलेला आहे. मॅनिंग खेळाडूंचे कोंडाळे न जमवता थेट रेषेवर येतो, समोरच्या बचावफळीतल्या मधल्या लाइनबॅकरकडे बोट दाखवून त्याचा क्रमांक मोठ्याने सांगतो, म्हणजे आपल्या पाचही रक्षकांना कोणी कोणाला अडवायचे ते कळते. मग तो दोन पावले डावीकडे जाऊन रिसीव्हरला हाताने खूण करतो, परत येतो, मागे उभ्या असलेल्या रनिंग बॅकला, म्हणजे चेंडू घेऊन धावणाऱ्या खेळाडूला, खांद्याला धरून दुसऱ्या बाजूला नेतो, पुन्हा बचावफळीच्या सर्वांत मागच्या दोन खेळाडूंकडे पाहतो. त्यांतला एक किंचित पुढे सरकला की मॅनिंग हात हलवत सगळी चाल रद्द करतो आणि नवी सांगतो. घड्याळ दोन-तीन सेकंदांवर आलेले असताना चेंडू त्याच्या हातात येतो आणि पुढच्या अडीच सेकंदांत निघूनही जातो. यातल्या अनेक खुणा निव्वळ दिखाऊ असत, बचावफळीला चकवण्यासाठी केलेल्या. २०१२मध्ये डेन्व्हर ब्रॉन्कोज संघात गेल्यावर मैदानावरच्या ध्वनिग्राहकांनी पकडलेली ‘ओमाहा’ ही त्याची आरोळी अमेरिकेत घरोघरी पोचली, हे त्याच्या खेळाचे नाट्य. त्यामागचा अभ्यास मात्र कोल्ट्सचे आक्रमण-प्रशिक्षक टॉम मूर यांच्याबरोबर वर्षानुवर्षे घोटलेला होता. मार्विन हॅरिसन, रेजी वेन आणि डॅलस क्लार्क हे त्याचे रिसीव्हरही दीर्घकाळ तेच राहिले. चालींची संख्या कोल्ट्सकडे तुलनेने कमी होती, पण त्या इतक्या वेळा घासून लख्ख केलेल्या होत्या की २००२ साली हॅरिसनने एकाच हंगामात १४३ झेल घेतले.

ब्रेडीची विचारप्रक्रिया बरीचशी चेंडू हातात आल्यानंतर चालते. वेस वेल्कर किंवा ज्युलियन एडलमन यांच्यासारखा चपळ रिसीव्हर धावता धावता समोरचा बचावपटू आत आहे की बाहेर ते पाहतो आणि त्यानुसार वळण घेतो. ब्रेडी त्याच क्षणी तेच पाहून चेंडू त्या वळणावर आधीच सोडतो. दोघांचे निदान जुळले तर आठ यार्ड अगदी सहज मिळाल्यासारखे दिसतात, आणि न जुळले तर चेंडू रिकाम्या जागी पडून ब्रेडी रिसीव्हरवर डाफरताना दिसतो. ही अफाट कसोटीची गोष्ट आहे, पण नवख्याला तिथे फक्त एक छोटा, साधा पास दिसतो. शिवाय बिल बेलिचिक यांचा पेट्रियट्स संघ प्रतिस्पर्धी पाहून दर आठवड्याला रूप बदलत असे; एका रविवारी धावण्यावर भर, तर पुढच्या रविवारी पन्नास पास. त्यामुळे ब्रेडीच्या खेळातले सातत्य ओळखायला आधी प्रशिक्षकाची पद्धत समजावी लागते. जाणकाराला ही मेजवानी आहे. पहिल्यांदाच पंगतीत बसणाऱ्याने मात्र मॅनिंगपासून सुरुवात करावी, एवढेच माझे म्हणणे आहे.

सात विरुद्ध दोन या हिशेबाची गोची

आता सुपर बोल जिंकल्यावर मिळणाऱ्या अंगठ्यांकडे वळू, कारण निवड करताना बहुतेकांचे मन तिथेच अडकते. बाद फेरीतील दोघांची कामगिरी शेजारी ठेवली तर एक मजेदार गोष्ट दिसते : ब्रेडी ३५ विजय आणि १३ पराभव, मॅनिंग १४ विजय आणि १३ पराभव. पराभव अगदी समसमान. बाद फेरीत पोचलेल्या संघाचा हंगाम एक तर विजेतेपदाने संपतो किंवा एका पराभवाने, त्यामुळे हा आकडा सांगतो तो एवढाच की ब्रेडी २० वेळा बाद फेरीत गेला, त्यातल्या सात वेळा जिंकला. मॅनिंग १५ वेळा गेला आणि दोनदा जिंकला. मॅनिंगच्या बाजूने बोलणाऱ्यांनी एक कबूल केले पाहिजे की त्या १३ पराभवांपैकी नऊ त्या त्या वर्षीच्या पहिल्याच बाद सामन्यात झाले. नऊ ही संख्या केवळ नशिबावर ढकलता येत नाही. २००३च्या हंगामातील उपांत्य लढतीत पेट्रियट्सविरुद्ध त्याने चार इंटरसेप्शन्स दिली, त्यांतली तीन टाय लॉ या एकाच बचावपटूला. त्या सामन्यात न्यू इंग्लंडच्या बचावपटूंनी कोल्ट्सच्या रिसीव्हरांना ओढाताण करून रोखले, अशी तक्रार झाली आणि २००४पासून पाच यार्डांपलीकडे रिसीव्हरला अडवण्याचा जुना नियम पंच काटेकोरपणे लावू लागले. त्याच वर्षी मॅनिंगने ४९ टचडाउन पास फेकून डॅन मरीनोचा २० वर्षे टिकलेला ४८चा विक्रम मोडला. बाद फेरीत पुन्हा पेट्रियट्सच्या घरच्या मैदानावर, फॉक्सबरोच्या थंडीत, त्यांच्याशी गाठ पडली आणि कोल्ट्सला अवघे तीन गुण करता आले.

पण अंगठी हे क्वार्टरबॅकच्या खेळाचे मोजमाप आहे का, हा प्रश्न या दोघांच्याच कारकिर्दी फार नेमकेपणाने विचारतात. ब्रेडीने पहिला सुपर बोल २००२च्या फेब्रुवारीत सेंट लुईस रॅम्सविरुद्ध २०–१७ असा जिंकला, त्यात त्याचे पास केवळ १४५ यार्डांचे होते. मॅनिंगने शेवटचा सुपर बोल २०१६मध्ये कॅरोलायना पँथर्सविरुद्ध २४–१० असा जिंकला, त्यात त्याचे १४१ यार्ड होते आणि सामनावीर ठरला तो बचावफळीतला वॉन मिलर. त्या हंगामात मॅनिंगचे नऊ टचडाउन पास आणि १७ इंटरसेप्शन्स होती. मधल्या एका सामन्यात, नेमका ज्यात त्याने कारकिर्दीतील एकूण यार्डांचा ब्रेट फार्वचा विक्रम मोडला त्यातच, त्याला चार इंटरसेप्शन्सनंतर बाहेर बसवले गेले होते. याउलट २०१३ साली त्याने ५५ टचडाउन आणि ५,४७७ यार्ड असे एका हंगामाचे दोन विक्रम केले आणि सुपर बोलमध्ये सिएटलने डेन्व्हरचा ४३–८ असा धुव्वा उडवला. पहिल्याच चालीत चेंडू मॅनिंगच्या डोक्यावरून मागे गेला आणि सिएटलला फुकटचे दोन गुण मिळाले.

ब्रेडीचेही तसेच. २००७मध्ये त्याने ५० टचडाउन पास फेकले, रँडी मॉसने त्यांतले २३ झेलले, पेट्रियट्सने साखळीतले सर्व १६ सामने जिंकले आणि अंतिम सामना मात्र न्यूयॉर्क जायंट्सने १७–१४ असा हिरावून घेतला. त्या जायंट्सचा क्वार्टरबॅक होता पेटनचा धाकटा भाऊ ईलाय. २०१८च्या सुपर बोलमध्ये ब्रेडीने ५०५ यार्ड फेकले आणि फिलाडेल्फियाकडून ४१–३३ अशी हार पत्करली. पुढच्याच वर्षी त्याला एकही टचडाउन पास जमला नाही आणि पेट्रियट्सने रॅम्सना १३–३ असे हरवून विजेतेपद मिळवले. त्याच्या कारकिर्दीत २००५ ते २०१३ असे सलग नऊ हंगाम विजेतेपदाविना गेले आणि सर्वोत्तम खेळाडूच्या त्याच्या तीन पुरस्कारांपैकी दोन, २००७ आणि २०१०चे, याच कोरड्या काळातले आहेत. मॅनिंगला हा पुरस्कार पाच वेळा मिळाला, त्यातला २००३चा स्टीव्ह मॅकनेअरबरोबर विभागून. अंगठी ही ५३ खेळाडूंच्या चमूची कमाई असते. क्वार्टरबॅक तिचा सर्वांत महत्त्वाचा वाटेकरी असेल, एकटा मालक नव्हे.

तरीही ब्रेडीच्या बाजूने एक गोष्ट आकड्यांत मावत नाही, ती म्हणजे सामना संपत आल्यावरची त्याची थंड डोक्याची निवड. २००२च्या त्या पहिल्या सुपर बोलमध्ये १७–१७ अशी बरोबरी, एक मिनिट २१ सेकंद शिल्लक, एकही विश्रांती उरलेली नाही आणि चेंडू स्वतःच्याच गोलरेषेपासून १७ यार्डांवर. समालोचक जॉन मॅडन म्हणत होते की धोका न पत्करता जादा वेळेकडे जावे. २४ वर्षांच्या ब्रेडीने रनिंग बॅक जे. आर. रेडमंडला तीन छोटे पास दिले, मग ट्रॉय ब्राउनला २३ यार्डांचा, मग जर्मेन विगिन्सला सहा यार्डांचा, आणि सात सेकंद उरले असताना चेंडू जमिनीवर आपटून घड्याळ थांबवले. अ‍ॅडम विनाटिएरीने ४८ यार्डांवरून लाथेने फील्ड गोल मारून विजयाचे तीन गुण मिळवले. यातला एकही पास अवघड नाही. अवघड आहे ते प्रत्येक वेळी सोपाच पास निवडणे. १५ वर्षांनी अटलांटाविरुद्ध २८–३ अशा पिछाडीवरून ३४–२८ असा विजय खेचून आणताना तो हेच करत होता, फक्त अधिक वेळा.

दुखापत, पैसा आणि शेवट

मॅनिंगने १९९८पासून साखळीतला एकही सामना न चुकवता सलग २०८ सामने खेळले. मग मानेच्या दुखण्याने आणि एकाहून अधिक शस्त्रक्रियांनी २०११चा पूर्ण हंगाम घेतला. त्याच्याविना कोल्ट्सने १६पैकी १४ सामने गमावले, आणि त्याच्या थोरवीचा याहून बोलका पुरावा मला तरी माहीत नाही. तळाला राहिल्यामुळे संघाला ड्राफ्टमधला पहिला क्रमांक मिळाला, अँड्र्यू लक या तरुण क्वार्टरबॅकचा पर्याय समोर आला आणि ७ मार्च २०१२ रोजी कोल्ट्सने मॅनिंगला मोकळे केले. डेन्व्हर ब्रॉन्कोजने त्याच्याशी पाच वर्षांचा ९.६ कोटी डॉलरचा करार केला. तिथे आलेल्या मॅनिंगच्या हातात पूर्वीची ताकद उरली नव्हती, बोटांची संवेदना कमी झाल्यामुळे तो हातमोजे घालून खेळू लागला होता. चेंडू डगमगत जायचा, पण योग्य जागी योग्य क्षणी पोचायचा. शरीर हरत असताना केवळ ज्ञानाच्या बळावर क्वार्टरबॅक किती दूर जाऊ शकतो आणि ते ज्ञानही नेमके कधी अपुरे पडू लागते, हे २०१२ ते २०१५ या चार हंगामांत जितके स्वच्छ दिसते तितके मी दुसरीकडे पाहिलेले नाही. मुक्त झाल्याच्या बरोबर चार वर्षांनी, ७ मार्च २०१६ रोजी, त्याने निवृत्ती जाहीर केली.

ब्रेडीची मोठी दुखापत एकच : २००८च्या पहिल्याच सामन्यात गुडघा गेला आणि हंगाम संपला. मात्र त्याच्या जागी आलेल्या मॅट कॅसलने ११ सामने जिंकून दिले, त्यामुळे श्रेय ब्रेडीचे किती आणि बेलिचिक यांचे किती, हा वाद एक तपभर पेटत राहिला. तो वाद मिटला तो ब्रेडीने २०२०मध्ये संघ बदलल्यावर. दोन वर्षांच्या ५ कोटी डॉलरच्या करारावर तो टॅम्पा बे बकेनियर्सकडे गेला आणि वयाच्या ४३व्या वर्षी, पहिल्याच हंगामात, कॅन्सस सिटीला ३१–९ असे नमवून सातवा सुपर बोल जिंकला. पुढच्या हंगामात लीगमध्ये सर्वाधिक यार्डही त्याचेच होते. मग निवृत्ती, चाळीस दिवसांत माघार, आणखी एक सामान्य हंगाम आणि १ फेब्रुवारी २०२३ला अखेरचा निरोप. ६४९ टचडाउन पास आणि ८९,२१४ यार्ड ही त्याची साखळीतली कमाई. मॅनिंगची ५३९ आणि ७१,९४०. यातला मोठा फरक ब्रेडीच्या जास्तीच्या हंगामांचा आहे, आणि ४४व्या वर्षी खेळत राहणे हेही कौशल्यच मानायला हवे.

पैशाबाबत थोडक्यात : लीगमध्ये प्रत्येक संघाच्या एकूण वेतनावर मर्यादा असते, त्यामुळे क्वार्टरबॅकने घेतलेला जास्तीचा डॉलर दुसऱ्या कुणाच्या तरी वाट्यातून येतो. मॅनिंगने बाजारभावाप्रमाणे मोबदला घेतला. ब्रेडीने अनेकदा करारात फेरफार करून संघाला जागा करून दिली. एखाद्या खेळाडूला त्याचा दाम मागितल्याबद्दल दोष देणे मला पटत नाही, पण दोन्ही संघांच्या बचावफळींची तुलना करताना ही गोष्ट विसरू नये. फुटबॉलमधली हवा कमी केल्याच्या प्रकरणावरून ब्रेडीला २०१६मध्ये चार सामन्यांची बंदी भोगावी लागली, हेही त्याच्या खात्यावर आहे. त्या हंगामाच्या अखेरीस झालेला सुपर बोल म्हणजे अटलांटाविरुद्धचा वर सांगितलेला सामना.

कोणी कोणाला निवडावे

ज्यांना संघबांधणी, प्रशिक्षकाची योजना आणि दोन दशके टिकलेले वर्चस्व यांत रस आहे, किंवा जे बॉस्टन परिसरात राहतात आणि ज्यांच्या कार्यालयात दर सोमवारी हाच विषय निघतो, त्यांनी खुशाल ब्रेडीपासून सुरुवात करावी. मात्र त्यांनी २००१, २००७, २०१४ आणि २०२० हे चार हंगाम वेगवेगळे समजून पाहावेत, कारण त्यांत चार वेगळे ब्रेडी भेटतात. क्वार्टरबॅकचे काम म्हणजे काय, हे ज्यांना मुळातून समजून घ्यायचे आहे त्यांनी मॅनिंगचे १९९८, २००४, २०१३ आणि २०१५ हे हंगाम निवडावेत. भारतात राहून सध्याचे सामने पाहणाऱ्यांना त्याचा लगेच उपयोग होतो. रविवारचे दुपारचे सामने आपल्याकडे रात्री साडेदहा ते साडेअकराच्या सुमारास सुरू होतात आणि चाल सुरू होण्यापूर्वी बचावफळीच्या मागच्या दोन खेळाडूंकडे पाहण्याची सवय मॅनिंगने लावली असेल, तर जागरण वाया जात नाही.

ज्यांच्याकडे एवढा वेळ नाही त्यांच्यासाठी दोघांच्या आपसांतल्या लढती आहेत. १७पैकी ११ ब्रेडीने जिंकल्या, पण बाद फेरीतल्या पाचांपैकी तीन मॅनिंगने. त्यांतला २१ जानेवारी २००७चा सामना सर्वांत नाट्यमय : कोल्ट्स २१–३ असे मागे पडलेले, शेवटच्या अडीच मिनिटांत मॅनिंगने ८० यार्डांची चढाई करून ३८–३४ अशी आघाडी मिळवली आणि ब्रेडीचा अखेरचा पास मार्लिन जॅक्सनने अडवला. दोन आठवड्यांनी मायामीच्या पावसात शिकागो बेअर्सना हरवून मॅनिंगने पहिली अंगठी मिळवली.

पण एकच संध्याकाळ मोकळी असेल तर मी १५ नोव्हेंबर २००९चा साखळी सामना सुचवीन. पेट्रियट्स ३४–२८ असे पुढे होते, दोन मिनिटे उरली होती, चेंडू त्यांच्याच २८ यार्डांवर होता आणि चौथ्या प्रयत्नात दोन यार्ड हवे होते. अशा वेळी कोणताही संघ चेंडू लांब लाथाडून प्रतिस्पर्ध्याला मैदानाच्या दुसऱ्या टोकाला ढकलतो. बेलिचिक यांनी तसे केले नाही. मॅनिंगच्या हातात दोन मिनिटे आणि सत्तर यार्ड देणे त्यांना अधिक धोक्याचे वाटले, म्हणून त्यांनी ब्रेडीला पास फेकायला सांगितले. केव्हिन फॉकने चेंडू झेलला, पण तो दोन यार्डांच्या त्या रेषेच्या थोडा अलीकडेच पडला. तिथून मॅनिंगने घाई न करता घड्याळ खाली आणत नेले आणि शेवटच्या काही सेकंदांत रेजी वेनला टचडाउन पास देऊन सामना ३५–३४ असा जिंकला.